गाडीचं हेडलायनर उतरवून छताला साउंड डॅम्पिंग कसं करावं

पाऊस सुरू झाला की गाडीत शेजारच्याशी आवाज चढवून बोलावं लागतं. उन्हात उभी केलेली गाडी उघडली की डोक्यावरून धग येते. वेग वाढला की वरून एक दबका घुमारा ऐकू येऊ लागतो. या तिन्ही तक्रारींत छताच्या पत्र्याचा मोठा हात असतो. आधाराशिवाय पसरलेला गाडीतला सर्वांत मोठा पत्रा तोच. जाडी साधारण 0.6 ते 0.8 मिमी, खालून काही आडव्या पट्ट्या, आणि पट्ट्यांच्या मधला सगळा भाग मोकळा. ताणलेलं डफ थापेला घुमतं तसा हा पत्रा थेंबांना आणि वाऱ्याला घुमतो.

पण काम हाती घेण्याआधी आपली तक्रार नेमकी कोणती आहे ते ओळखा. टायरची घरघर प्रामुख्याने चाकांच्या कमानींतून, फरशीतून आणि दारांतून आत येते. इंजिनचा आवाज डॅशबोर्डमागच्या पत्र्यातून येतो. छतावर कितीही शीट लावली तरी या दोन्हींत फारसा फरक पडणार नाही. पावसाचा तडतडाट, छताचा घुमारा आणि उन्हाची धग यांच्यासाठी मात्र छताचं काम खात्रीचं आहे. तक्रार टायरची असेल तर आधी दारं आणि फरशी करा.

दुसरी गोष्ट, या कामात दोन चुका अशा आहेत की त्या नंतर दुरुस्त होत नाहीत. एक म्हणजे हेडलायनरला, म्हणजे छताच्या आतल्या कापडी अस्तराला, पडलेली घडी आणि दुसरी म्हणजे दारांवर गुंडाळून बसवलेल्या कर्टन एअरबॅगच्या वाटेत आलेला अडथळा. पुढची बहुतेक काळजी या दोन गोष्टींसाठीच आहे. शीट चिकटवणं हा त्यातला सोपा भाग आहे.

सामान कोणतं घ्यावं

छतासाठी दोन थर पुरतात. पहिला थर बुटाइल रबराच्या शीटचा, जिच्या एका बाजूला ॲल्युमिनियमची फॉइल असते. पत्रा कंप पावतो तेव्हा पत्रा आणि फॉइल यांच्या मधलं बुटाइल ताणलं-घासलं जातं आणि कंपाची ऊर्जा किंचित उष्णतेत विरून जाते. म्हणूनच फॉइल महत्त्वाची. ती साधारण 0.1 मिमीची आणि हाताला ताठ लागणारी असावी. कागदासारखी चुरगळणारी फॉइल असलेली शीट कितीही जाड असली तरी कमी काम करते. छतासाठी एकूण 1.5 ते 2 मिमी जाडी पुरे.

डांबरी शीट छताला लावू नका. गडद रंगाचं छत कडक उन्हात 70 अंश सेल्सिअसच्या पुढे तापतं. त्या तापमानाला डांबर मऊ पडतं, वास सोडतं आणि उलट्या लटकलेल्या जागेवरून सुटून हेडलायनरच्या पाठीवर येऊन बसतं. इमारतीच्या गळतीसाठी मिळणारी चंदेरी पट्टीही अनेकदा आतून डांबरीच असते. दिसायला ती सारखीच दिसते, त्यामुळे घेताना वेष्टनावर बुटाइल लिहिलंय का ते पाहा.

दुसरा थर बंद पेशींच्या (आतले बुडबुडे एकमेकांना न जोडलेल्या) फोमचा, 5 ते 6 मिमी जाडीचा, एका बाजूला गोंद असलेला. उष्णता अडवण्याचं काम हाच थर करतो. फोम बंद पेशींचाच हवा. उघड्या पेशींचा मऊ फोम ओल धरून ठेवतो आणि थंड रात्री पत्र्याला सुटलेला घाम त्यात साठून गंज सुरू होतो. शिवाय हा फोम गाडीच्या आतल्या भागासाठी बनवलेला आणि आगीच्या चाचणीत बसणारा असावा. या चाचणीचं अनेक ठिकाणी मानलं जाणारं मानक म्हणजे अमेरिकेचं वाहन सुरक्षा मानक एफएमव्हीएसएस 302. त्यात आडव्या धरलेल्या तुकड्यावर ज्वाळा मिनिटाला 102 मिमीपेक्षा वेगानं पसरता कामा नये. घरगुती चटईचा किंवा पॅकिंगचा फोम डोक्यावर लावण्याच्या लायकीचा नाही.

जड व्हिनाइलचा आवाज अडवणारा थर फरशीसाठी चांगला असतो, पण छतासाठी नको. त्याचं वजन चौरस मीटरला पाच किलोच्या घरात जातं आणि ते वजन गाडीच्या सर्वांत उंच जागी, फक्त गोंदाच्या भरवशावर लटकत राहतं.

वजनाचा हिशेब आधीच करा. समजा पत्र्याचा मोकळा भाग 1.6 मीटर लांब आणि 1.2 मीटर रुंद, म्हणजे 1.9 चौरस मीटर आहे. 2 मिमी बुटाइल शीट चौरस मीटरला साडेतीन किलोच्या आसपास भरते. निम्मा भाग झाकला तर वाढलेलं वजन सव्वातीन-साडेतीन किलो, आणि पूर्ण झाकला तर पावणेसात किलोच्या आसपास. निम्म्यावर थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. दोन आडव्या पट्ट्यांमधल्या प्रत्येक कप्प्याच्या मधोमध लागलेला पहिला तुकडा सर्वांत जास्त काम करतो. निम्मं क्षेत्र झाकून झाल्यावर वाढत राहतं ते मुख्यतः वजन.

हत्यारं आणि जागा

ट्रिम (आतली प्लास्टिकची कव्हरं) उचकटायची प्लास्टिकची हत्यारं, टॉर्क्सचे चांदणीच्या आकाराचे बिट (बहुधा टी-20, टी-25, टी-30), 10 मिमी सॉकेट, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानं कसणारा), चपटा छोटा स्क्रू ड्रायव्हर, मास्किंग टेप, मार्कर, कात्री, कटर, लहान रोलर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, न विरणारी फडकी, कापडी चिकटपट्टी, एलईडी दिवा. हातमोज्यांच्या दोन जोड्या लागतील. फॉइलची कड ब्लेडसारखी कापते, म्हणून एक जोडी जाड घ्या. दुसरी स्वच्छ, पांढरी सुती जोडी फक्त हेडलायनरला हात लावताना घाला. फिक्या रंगाच्या कापडावर बोटांचा काळा डाग बसला की तो सहज निघत नाही आणि जास्त ओलं करून पुसलं तर कापडामागचा फोम सुटतो. डोक्यावरचं काम असल्यानं डोळ्यांना चष्माही हवा.

गाडी सावलीत, सपाट जागी, चारही दारं पूर्ण उघडतील अशी लावा. तापमान 20 ते 35 अंशांच्या दरम्यान असलं की बुटाइल न तापवताच नीट चिकटतं. छतासाठी हीट गन वापरूच नये, कारण पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला रंग आहे. मदतीला एक माणूस हवाच. एकट्यानं हेडलायनर उतरवायला गेलं की ते मधोमध मोडतं. पहिल्यांदा करणार असाल तर पूर्ण दिवस मोकळा ठेवा.

तुमच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवून पिलर (छत पेलणारे दारां-काचांमधले खांब), एअरबॅग आणि हेडलायनर ही प्रकरणं आधी वाचून घ्या. कोणती क्लिप ओढायची, कोणती फिरवायची आणि कोणती एकदाच वापरायची, हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं.

एअरबॅगबद्दल आधी

पुढच्या काचेजवळच्या किंवा मधल्या पिलरच्या कव्हरवर एअरबॅग लिहिलेलं असेल, तर दारांच्या वरच्या कडेनं हेडलायनरच्या आत कर्टन एअरबॅगची लांब गुंडाळी आहे. अपघातात ती हेडलायनरची कड खाली ढकलून काही मिलिसेकंदांत उलगडते. तिच्यावर, तिच्या खाली किंवा तिच्या उघडण्याच्या वाटेत कोणताही थर, टेप किंवा वायर येता कामा नये.

किल्ली बंद करून काढून घ्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून तिचं टोक कापडात गुंडाळा. त्याआधी काचा वर घ्या, डिकी उघडून ठेवा आणि म्युझिक सिस्टीमला कोड लागत असेल तर तो लिहून ठेवा. तार सोडवल्यावर निदान 10 मिनिटं थांबा. मॅन्युअलमध्ये याहून जास्त वेळ दिला असेल तर तो पाळा. एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेला विजेचा भार उतरायला हा वेळ लागतो. पिवळे कपलर (वायरी जोडणारे प्लग) दिसले तर त्यांना मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नका. आणि एखादा कपलर सुटलेला असताना चुकूनही किल्ली चालू करू नका, नाहीतर गाडीच्या संगणकात दोषाची नोंद होते आणि ती स्कॅनरशिवाय (अशा नोंदी वाचणाऱ्या यंत्राशिवाय) जात नाही.

छतात मोठं पॅनोरमिक सनरूफ असेल, तर हे काम घरी करू नये असं मी म्हणेन. शीट लावायला पत्रा थोडाच उरतो, हेडलायनर काचेच्या चौकटीला गुंतलेलं असतं आणि पाण्याच्या निचऱ्याच्या नळ्या सुटल्या तर पुढच्या पावसात पाणी थेट आत येतं.

उतरवणं

आधी फोटो काढा. प्रत्येक वस्तू सोडवण्याआधी एक आणि सोडवल्यावर एक. स्क्रू एका डब्यात टाकू नका. प्रत्येक जागेचे स्क्रू मास्किंग टेपवर चिकटवून त्यावर जागेचं नाव लिहा. लांबीत दोन-तीन मिमीचा फरक असलेले स्क्रू अदलाबदल झाले तर लांब स्क्रू भलत्याच ठिकाणी घुसतो.

सीट शक्य तितक्या मागे झोपवा, हेडरेस्ट काढा, स्टिअरिंग खाली घ्या आणि गिअर लिव्हरवर कापड टाका. मग हेडलायनरला धरून ठेवणाऱ्या छोट्या वस्तूंकडे वळा. सनवायझर आणि त्याचा हूक स्क्रूवर असतात. पकडायच्या हँडलचे स्क्रू टोकाच्या छोट्या झाकणांखाली लपलेले असतात. छताच्या दिव्याची काच चपट्या हत्याराला कापड गुंडाळून अलगद उचका. आतले स्क्रू निघाले की दिवा खाली येतो, मग कपलरची जीभ दाबून सोडवा, वायर ओढू नका. हँड्सफ्रीचा माइक, मागचा दिवा, कपडे अडकवायचे हूक, आरशाजवळच्या सेन्सरचं कव्हर, सगळं याच रीतीनं. आरशापाशी कॅमेरा असेल तर फक्त त्याचं प्लास्टिक कव्हर हलवा. कॅमेरा जागेवरून सरकला तर तो पुन्हा कॅलिब्रेट करून घ्यावा लागतो.

आता दारांचं रबर. चौकटीच्या पत्र्यावर दाबून बसवलेलं हे रबर वरच्या बाजूनं हातानं ओढून काढा. पूर्ण काढायची गरज नाही, पिलरच्या अर्ध्यापर्यंत सुटलं तरी चालतं. हेडलायनरची कड याच रबराच्या ओठाखाली दबलेली असते.

पिलरची कव्हरं हा सर्वांत नाजूक टप्पा. पुढच्या पिलरचं कव्हर वरून सोडवायला सुरुवात करा आणि थोडं सुटलं की थांबा. एअरबॅग असलेल्या गाड्यांत या क्लिपांना एक दोरीसारखी पट्टी असते, जिच्यामुळे एअरबॅग फुटल्यावर कव्हर उडून प्रवाशाला लागत नाही. ती झटका देऊन तोडायची नसते. क्लिपचं टोक पक्कडीनं फिरवून किंवा दाबून सोडवायचं असतं. अनेक उत्पादक या क्लिपा दर वेळी नव्या घालायला सांगतात, त्यामुळे काम सुरू करण्याआधीच नव्या आणून ठेवा. मधल्या पिलरवर सीटबेल्टचा वरचा बोल्ट आड येतो. तो काढताना वॉशर कोणत्या क्रमानं बसले आहेत त्याचा फोटो घ्या.

शेवटी हेडलायनर मागच्या काही क्लिपांवर उरतं. काही गाड्यांत मध्ये हुक-पट्टीची चिकट जोडणी किंवा गोंदाचे ठिपकेही असतात. मदतनीसाला पुढच्या टोकाला दोन्ही तळहात पसरून धरायला सांगा आणि तुम्ही मागच्या क्लिपा एकेक सोडवा. गोंद असेल तर ओढू नका. रुंद प्लास्टिकची पट्टी आत सरकवत गोंद पत्र्यापासून सोडवत जा. हेडलायनर म्हणजे दाबून घडवलेला पातळ ताठ साचा आणि त्यावर फोम लावलेलं कापड. त्याला सगळ्यात धोका दिव्याच्या आणि वायझरच्या छिद्रांजवळ असतो, कारण तिथे साचा अरुंद असतो. एका हातानं कोपरा धरून कधीही उचलू नका.

ते बाहेर काढायलाच हवं असं नाही. हॅचबॅक किंवा एसयूव्ही असेल तर डिकीतून सरळ निघतं. सेडानमध्ये पुढच्या प्रवासी दारातून तिरकं काढावं लागतं आणि तिथेच घड्या पडतात. मोकळेपणानं निघत नसेल तर ते झोपवलेल्या सीटांवर, स्वच्छ चादर पसरून, टेकवून ठेवा आणि वर काम करा. अवघडल्यासारखं होईल, पण हेडलायनर शाबूत राहील.

पत्र्यावरचं काम

उघडा पत्रा बोटाच्या पेरानं ठोकून बघा. आडव्या पट्टीजवळ आवाज बसका येतो आणि कप्प्याच्या मध्यावर टणटणीत. जिथे सर्वांत जास्त टणटणतं तिथे मार्करनं खूण करा. शीट तिथेच लागणार आहे. याच वेळी गंज, पाण्याचे ओघळ, ॲन्टेनाच्या बुडाशी ओल दिसते का तेही पाहा. गळती असेल तर आधी ती थांबवा, ओल्या पत्र्यावर शीट लावू नका.

आडव्या पट्ट्या आणि पत्रा यांच्या मध्ये कारखान्यात लावलेल्या मऊ मॅस्टिकचे (चिकट लुकणाचे) ठिपके असतात. ते सुटले असतील तर वेगात पत्रा फडफडतो आणि तेच घुमाऱ्याचं कारण असू शकतं. तिथे लवचिक सीलंटचा छोटा ठिपका पुरतो. जाड तुकडा कोंबलात तर बाहेरून छतावर उंचवटा दिसेल.

पत्रा अल्कोहोलनं पुसा, दर वेळी फडक्याची नवी बाजू वापरून. शेवटच्या फडक्यावर मळ दिसेनासा होईपर्यंत पुसत राहा, मग पूर्ण वाळू द्या. दारं उघडीच असू द्या. अल्कोहोलची वाफ पेट घेते, त्यामुळे जवळपास ठिणगी किंवा सिगारेट नको.

शीट आधी बाहेर मापानं कापून घ्या. वहीच्या पानाएवढे किंवा थोडे मोठे तुकडे हाताळायला सोपे जातात. डोक्यावर मोठी शीट धरली की ती नको तिथे चिकटते आणि पुन्हा निघत नाही. मागचा कागद एका कडेनं थोडाच काढा, ती कड बसवा आणि मग कागद ओढत, मध्यापासून बाहेर दाबत जा. नंतर रोलर फिरवा. फॉइलवरची उठावाची नक्षी सपाट झाली म्हणजे शीट पूर्ण बसली. राहिलेला बुडबुडा टाचणीनं फोडून दाबा. हवा राहिलेल्या जागी डॅम्पिंग होत नाही आणि उन्हात तिथूनच शीट सुटायला लागते.

रोलरचा दाब बेतानं ठेवा. छताचा पत्रा खालून जोरात दाबला तर बाहेर टेंगूळ येऊ शकतं. मदतनीसाला बाहेरून त्याच जागी तळहात टेकवून धरायला सांगा. आडव्या पट्टीवरून पत्र्यावर पूल केल्यासारखी शीट लावू नका, प्रत्येक कप्पा वेगळा करा. क्लिपांची छिद्रं, वायरिंगची वाट, निचऱ्याच्या नळ्या आणि दारांवरच्या कडा मोकळ्या सोडा. एअरबॅगपासून निदान चार बोटं दूर राहा. एक कप्पा झाला की पुन्हा ठोका. टणटण जाऊन बसका आवाज आला असेल तर तिथे आणखी शीट लावायची गरज नाही.

फोम लावण्याआधी जागा मोजा, कारण हेडलायनर परत न बसण्याचं नेहमीचं कारण हाच थर असतो. सोपी रीत अशी: खेळण्यातल्या मऊ मातीचे सुपारीएवढे गोळे पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून पत्र्यावर सात-आठ ठिकाणी चिकटवा, हेडलायनर दोघांनी मिळून जागेवर हलकंच दाबून धरा आणि पुन्हा खाली घ्या. चपट्या झालेल्या गोळ्याची जाडी म्हणजे तिथली उपलब्ध जागा. 6 मिमी फोमसाठी निदान 8 मिमी जागा हवी. पट्ट्यांखाली ती बहुधा नसते, तिथे फोम लावूच नका. बाकी पत्रा मात्र शक्य तितका पूर्ण झाका. इथे बुटाइलच्या उलट हिशेब आहे, कारण उष्णता उघड्या राहिलेल्या जागेतून येतच राहते. जोडांवर फॉइल टेप लावा. दिव्याच्या भोवती फोम दूर ठेवा, जुन्या पद्धतीचा बल्ब असेल तर तळहाताच्या रुंदीएवढा.

वायरिंगलाही वेळ द्या. छत शांत झालं की आधी झाकले गेलेले बारीक खडखडाट ऐकू यायला लागतात. मोकळ्या लोंबणाऱ्या वायरींना कापडी पट्टी गुंडाळा, कपलरभोवती फोमचा तुकडा लावा आणि त्या मूळच्याच क्लिपांत अडकवा. एअरबॅगची वायर मात्र आहे तशीच राहू द्या, तिला काहीही गुंडाळू नका.

परत बसवणं

स्वच्छ सुती हातमोजे घाला. हेडलायनर आत घेतल्यावर सगळ्यांत आधी दिवा, माइक, वायझर यांच्या वायरी त्यांच्या छिद्रांतून बाहेर काढा. हे विसरलं तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं. मग वायझर आणि दिव्याचे स्क्रू हातानं दोन-तीन आटे लावून हेडलायनर टांगून ठेवा, चारही कडा जुळवा आणि नंतरच कसा. कुठेही जोर लावून बसवावं लागत असेल तर तिथे फोम जाड झाला आहे. तो कापा, हेडलायनर दाबू नका.

पिलरच्या कव्हरांना नव्या क्लिपा लावा आणि कव्हर बसवण्याआधी एअरबॅगची गुंडाळी पिळलेली किंवा कव्हरमागे अडकलेली नाही ना, ते दिवा पाडून पाहा. सीटबेल्टचा बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्यानंच कसा. बेल्ट ओढून, झटका देऊन लॉक होतो का तपासा. दारांचं रबर बसवताना हेडलायनरची कड त्याच्या ओठाखाली गेली पाहिजे, नाहीतर वाऱ्याची शिट्टी येते.

आता बॅटरी जोडा. किल्ली चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलेलाच राहिला तर गाडी चालवू नका, स्कॅनर असलेल्या मेकॅनिकला दाखवा. घड्याळ, काचांचं ऑटो-अप आणि म्युझिक सिस्टीम पुन्हा जुळवून घ्या.

पहिले काही दिवस नवे आवाज ऐकत राहा. खडबडीत रस्त्यावर टकटक येत असेल तर मागे बसलेल्या माणसाला हेडलायनरवर वेगवेगळ्या जागी हलका तळहात टेकवायला सांगा. ज्या जागी हात ठेवल्यावर आवाज थांबतो, तिथे क्लिप अर्धवट बसलेली किंवा कपलर सुटा असतो. तेवढा कोपरा खाली घेऊन फोमचा एक तुकडा लावला की काम होतं. उन्हात दोन-चार दिवस गाडी उभी राहिल्यावर दिव्याचं झाकण काढून आत एकदा नजर टाका. शीटची कड कुठे सुटताना दिसली, तर ती त्याच वेळी रोलरनं दाबून घ्या.